सुकरोबाईची मुळी माझ्या नावावर

चंद्रपूरच्या कोर्टात मी अठ्ठावीस वर्षं वकिली केली. त्यातले नऊ महिने मी कुरखेडा तालुक्यातल्या एका गावाची हाडं बसवणारी बाईसुद्धा होते. हे पद मी मागितलं नव्हतं, दिलं असल्याचं मला कुणी सांगितलंही नव्हतं, आणि कळलं तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. संपादकांनी माझ्याकडे गमतीदार अनुभव मागितलाय. यात गंमत किती ते वाचणाऱ्यांनी ठरवावं, माझं डोकं तर अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आधी धंदा सांगते. बौद्धिक संपदेचा कायदा म्हणजे डोक्यातून निघालेल्या वस्तूंच्या मालकीचा कायदा. मालाचं नाव आणि चिन्ह असेल तर ट्रेडमार्क, लिहिलेलं-गायलेलं असेल तर कॉपीराइट, नवा शोध असेल तर पेटंट. आमच्याकडे मात्र सगळ्याला एकच शब्द, पेटंट. सिंदेवाहीचे एक राइस मिलवाले भाऊ आले आणि म्हणाले, "बाई, माह्या पोपटाचं पेटंट करून द्या." त्यांच्या तांदळाच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, पोपट होता. शेजारच्या मिलवाल्यानंही पोपट छापला होता, फक्त तोंड उलट्या बाजूला. नोटीस पाठवली तर उत्तर आलं की आमचा पोपट डावीकडे पाहतो, सबब तो वेगळा पक्षी आहे. दुसरे एक बँडवाले होते. त्यांनी जनरेटर, लायटिंग आणि गायकाची खुर्ची एकाच गाड्यावर बसवली होती आणि त्यांना त्या गाड्याचं पेटंट पाहिजे होतं. मी म्हटलं, यात नवीन काय? ते म्हणाले, खुर्ची फिरते. त्यांना समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली.

अशी गिऱ्हाइकं वाढली आणि मला उत्तरं देता येईनात, म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी एलएलएमला नाव घातलं. दर शनिवारी नागपूरला जायचं. वर्गातली पोरं-पोरी माझ्या लेकीच्या वयाची. मला मॅडम म्हणायची, घाईत एखादी काकू म्हणायची आणि जीभ चावायची. शिकवणारे सरही पस्तिशीचे, हुशार, आणि शंका विचारली की त्यांना भारी आनंद व्हायचा. तिथेच गोंधळ सुरू झाला. यंत्राला चार ओळी सांगितल्या की ते चित्र काढून देतं, तर ते चित्र कुणाचं? सांगणाऱ्याचं, यंत्र बनवणाऱ्याचं, की ज्यांची लाखो चित्रं खाऊन ते यंत्र पोसलं त्या चित्रकारांचं? आम्ही यावर तीन शनिवार भांडलो. शेवटी सर म्हणाले, "कायदा अजून घडतो आहे." माझ्या वहीत जवळजवळ प्रत्येक धड्याखाली हेच वाक्य आहे. अर्ध्या वर्गानं या विषयावरचा निबंध त्याच यंत्राकडून लिहून घेतला होता, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले.

मग पारंपरिक ज्ञान हा विषय आला आणि मी कान टवकारले, कारण हे आमच्या जंगलातलं होतं. नियम असा, की पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट मिळत नाही. बरं. पण अलीकडे जैवविविधतेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. जुन्या ग्रंथात लिहिलेलं ज्ञान वापरून माल विकला तर आता गावाला फायद्यातला वाटा द्यायची गरज नाही. लिहिलेलं नसेल, लोकांच्या तोंडी असेल, तर द्यायचा. इकडे गावोगावी सांगतात की तुमच्या वनस्पतींची नोंदवही लिहा. लिहिलं तर चोराच्या हाती यादी. न लिहिलं तर ते तुमचं होतं याला पुरावा नाही. तिकडे जिनिव्हात देशोदेशींनी बसून करार केला, की पेटंट मागणाऱ्यानं वनस्पती आणि ज्ञान कुठून आणलं ते अर्जात सांगायचं. तो करार अमलात कधी येणार? सर म्हणाले, घडतो आहे.

शेवटी प्रबंध लिहायचा होता. मी ठरवलं, लिहीन तर पारंपरिक ज्ञानावरच. मला एक जिवंत केस पाहिजे होती, आणि ती चालत आली.

कुरखेड्याला एका शिबिरात मी बायकांना कायद्याची माहिती दिली होती. तिथे माझा नंबर घेतलेली सगुना एक दिवस सासूला घेऊन चंद्रपूरला आली. सासू म्हणजे सुकरोबाई. गोंड म्हातारी, सत्तरीच्या आसपास, अंगानं काटक, हात मात्र पुरुषासारखे मोठे. मोडलेलं हाड चाचपून बसवायचं, मुळीचा लेप लावायचा, बांबूच्या कामट्यांनी बांधायचं, हे तिचं काम. त्याचे ती पैसे घेत नसे. सगुनानं पिशवीतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. हाडजोड तेल. वर सुकरोबाईचं नाव आणि तिचाच फोटो, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर आठ्या.

"हा फोटो कुणी काढला?" मी विचारलं.

"हात दुखते म्हणून आला होता एक नागपूरचा माणूस," सुकरोबाई म्हणाली. "मोबाइलनं काढला. मले वाटलं घरी दाखवाले नेते. आता बजारात हे तेल विकून राह्यला. त्यात माही मुळी नाई, काई नाई. लोक ते चोळतात, हाड बसवतच नाई, हात वाकडा जुळते. मंग मले येऊन म्हणतात, तुह्यानं वाटोळं झालं."

तिला पैसे नको होते, वाटा नको होता. तिचं नाव त्या बाटलीवरून निघावं आणि लोकांनी पहिल्यासारखं आधी तिच्याकडे यावं, एवढंच तिचं मागणं होतं. "मरतवर मले हे कराचं आहे," ती म्हणाली. मी वकालतनाम्यावर तिचा अंगठा घेतला आणि गडचिरोलीच्या कोर्टात दावा टाकला.

तेलवाल्याचा जबाब आला. तेल ग्रंथोक्त आहे, जुन्या ग्रंथातल्या कृतीनं बनवलंय. सदर बाईकडे स्वतःचं असं कोणतंही औषध नाही, असेल तर तिनं ते सिद्ध करावं. मी तो जबाब वाचला आणि खरं सांगते, मला उकळ्या फुटल्या. वर्गात शिकलेलं सगळं एका कागदावर आलं होतं. मी ठरवलं की सिद्ध करायचंच. मुळीचं नाव प्रतिज्ञापत्रात लिहायचं, सीलबंद लिफाफ्यात घालून कोर्टापुढे ठेवायचं, आणि आपलं औषध त्या तेलाहून वेगळं, कुठल्याही ग्रंथात नसलेलं, हे दाखवून द्यायचं.

सुकरोबाईला बोलावून घेतलं आणि विचारलं, मुळी कशाची? ती म्हणाली, "सांगाच लागते का?"

"सांगावंच लागेल."

"कोर्टाले, का तुमाले?"

"मला सांगा. मी लिहीन, लिफाफा बंद करीन."

तिनं सगुनाला बाहेर चहा प्यायला पाठवलं. मला खुर्चीवरून उठवून खाली बसवलं, तोंड पूर्वेकडे. माझं मनगट धरलं आणि तो शब्द तीनदा सांगितला. गोंडी शब्द. माझ्याकडूनही तीनदा म्हणवून घेतला. मग ओच्यातून मूठभर तांदूळ काढले आणि माझ्या पदरात टाकले. त्या दिवशी कोर्टात माझ्या आणखी तीन पेश्या होत्या. माझा एक डोळा घड्याळाकडे होता, आणि मनात म्हणत होते, म्हातारीचं कायतरी असेल, होऊ दे. ते तांदूळ मी दुसऱ्या दिवशी खिचडीत टाकले.

माझे वडील पक्के आंबेडकरी मास्तर. अंगारेधुपारे म्हटलं की त्यांचं पित्त खवळायचं. त्यांच्या हाताखाली वाढलेल्या मला अशा विधीत काही अर्थ असेल हे सुचलंच नाही. पण खेड्यातल्या केसेसमध्ये अठ्ठावीस वर्षं घालवलेल्या बाईनं निदान विचारायला हवं होतं, की हे तुम्ही काय केलं?

पेशीच्या दिवशी न्यायाधीशांनी बाटली हातात घेतली, फोटो पाहिला, सुकरोबाईकडे पाहिलं. तेलवाल्याच्या वकिलाला एकच विचारलं. फोटो आणि नाव वापरायला बाईंची लेखी परवानगी आहे का? नव्हती. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला, बाटल्या बाजारातून उचलायचा आदेश झाला. मी लिफाफा पुढे केला तर न्यायाधीश म्हणाले, त्याची गरज नाही, परत न्या.

मी जिंकले होते, पण थोडी हिरमुसले. माझं ग्रंथोक्त आणि अग्रंथोक्त सगळं वायाच गेलं. लिफाफा फायलीत टाकला आणि प्रबंध लिहायला घेतला. त्यात सुकरोबाईवर एक प्रकरण लिहिलं. मुळीचं नाव लिहिलं नाही, बाईचंही नाही, पण लिहिताना मी स्वतःवर भलती खूश होते. सरांनी त्या प्रकरणाखाली 'उत्कृष्ट' असा शेरा दिला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी माझ्या ऑफिसात वाटणीच्या दाव्यातल्या चार लोकांबरोबर एक अनोळखी माणूस बसलेला दिसला. दंडाखाली हात सुजलेला, टॉवेलनं गळ्यात अडकवलेला. मला वाटलं मारामारीची केस आहे. विचारलं, रिपोर्ट दिला का ठाण्यात? तो म्हणाला, "रिपोर्ट काऊन? झाडावरून पडलो. सुकरोबाईनं पाठवलं. म्हणे दवा आता माही नाई, चंद्रपूरच्या वकीलबाईची आहे."

वाटणीवाले माझ्याकडे पाहायला लागले. मी त्याला ऑटोत घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, प्लास्टर घालून बसवर बसवून दिलं. तो जाताना नाराज दिसला. इतक्या दूर येऊनही मी त्याच्या हाताला हातसुद्धा लावला नव्हता.

घरी न जाता मी सगुनाला फोन केला. ती सासूला आत्या म्हणते. म्हणाली, "आत्यानं तर तवाच सोडलं, बाई. तुमाले सांगून आली त्या दिवसापासून. ज्यायनं सांगितलं त्यायनं द्याचं नसते. ज्याले सांगितलं त्यायनं द्याचं. तुमाले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे मुळीचं नाव सांगणं म्हणजे माहिती देणं नव्हे. मनगट धरून, तीनदा म्हणवून घेऊन, पदरात तांदूळ टाकून सांगणं म्हणजे हक्क देऊन टाकणं. त्या क्षणी तो सांगणाऱ्याकडून सुटतो. आम्ही रजिस्ट्रीत दहा सह्या करून जे करतो ते तिनं माझ्या ऑफिसच्या फरशीवर करून टाकलं होतं, आणि मी घड्याळ पाहत होते.

मी सरांना फोन केला. विचारलं की हे नेमकं काय झालं? हस्तांतरण झालं? परवाना? विश्वस्ताची नेमणूक? स्वीकारणाऱ्याला ठाऊकच नसताना स्वीकार होतो का? सर अक्षरशः हरखले. म्हणाले, "मॅडम, यावर पेपर लिहा." मी फोन ठेवून दिला. सरांचा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी पेपर हा शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या महिन्यात मी फाइल घेऊन गावात गेले. बसमध्ये माझं भाषण तयार झालं होतं, कारण कायदा माझ्या बाजूनं होता. सुकरोबाई पडवीत बाजेवर बसली होती. मी लिफाफा तिच्यापुढे ठेवला, सील तसंच. म्हटलं, "सुकरोबाई, हे पाहा. मी कुणाला सांगितलं नाही. आणि कायदाच असा आहे, की वकिलाला सांगितलेलं हे सांगितल्यात जमा नसतं. ते तुमचंच राहतं. म्हणजे तुम्ही अजून देऊ शकता."

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोर्टानं हे पाकीट फोडलं नाई?"

"नाही. फोटोवरच निकाल झाला."

"म्हंजे सांगाले नाई लागत होतं."

मी लिफाफा उगाच सरळ करून ठेवला.

"मंग मले काऊन सांगाले लावलं, बाई?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं. खरं उत्तर हे, की नाव आणि फोटोच्या दाव्याला मुळीची गरज नाही हे मला त्याही वेळी कळायला पाहिजे होतं, कुठलाही दोन वर्षांचा वकील ते सांगेल. पण मला मोठी केस पाहिजे होती, प्रबंधात लिहिता येईल अशी. मी तिला ते तसंच सांगितलं. मला लाज वाटत होती आणि ती मी लपवली नाही. तिनं मान हलवली. प्रबंध म्हणजे काय ते तिला कळलं की नाही, देव जाणे.

मी म्हटलं, "मग मी परत तुम्हालाच सांगते. मनगट धरते, तांदूळ आणते."

"आपल्याहून मोठ्याले सांगत नाई," ती म्हणाली. "माह्या सासूनं मले सांगितलं. मी का सासूले परत सांगितलं?"

"आणि मी कुणालाच नाही सांगितलं तर?"

"तर मुळी तुमच्यासंगच मातीत जाईल."

सगुना दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, सुकरोबाईकडे पाहिलं. विचारलं, हिला सांगू का? म्हातारी म्हणाली, "तुमचं आहे. मले काऊन विचारता?" पण तिची नजर सुनेवरून हलली नाही.

मी सगुनाला आत नेलं, पूर्वेकडे तोंड करून बसवलं. खिचडीत गेलेले तांदूळ आठवले, म्हणून तिच्याच कणगीतून मूठभर घेतले. तिचं मनगट धरलं. चाळिशीच्या बाईचं मनगट, धानाच्या रोवणीनं राकट झालेलं. तो शब्द मी तीनदा सांगितला, आणि तिला हसू आवरेना. मी विचारलं, चुकलं का काही?

"नाई बाई, बरोबर आहे. तुमी म्हणता ते जरा हिंदीवानी लागते." मग म्हणाली, "हे मले लग्न होऊन आली तवापासून माहीत आहे. मुळी तर मीच खोदून आणतो जंगलातून. वाटतोही मीच."

"मग तू का देत नव्हतीस? नऊ महिने लोक परत जात होते."

"माहीत होतं. पण सांगितलं कुठी होतं कोणी मले?"

मी दोन वर्षं नागपूरला खेपा घातल्या, आणि ज्ञान वेगळं नि त्याचा हक्क वेगळा हे मला सगुनानं एका वाक्यात सांगितलं. मला मात्र त्या मुळीचं झाड दिसलं तरी ओळखता येणार नाही. नऊ महिने मी अशा वस्तूची मालकीण होते जी मी कधी पाहिलेली नव्हती, आणि जिला सगळं येत होतं ती माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. हा गुंता मी बऱ्याचदा सोडवायला घेतला. दर वेळी वेगळीच गाठ हाती येते.

दुपारी ट्रॅक्टर चालवणारा एक माणूस आला. मनगटाला तडा होता. कुरखेड्याच्या दवाखान्यातला एक्स-रे त्याच्या खिशात होता, तो मी आधी पाहून घेतला. सगुना पुढे झाली. तिनं हात चाचपला, लेप लावला, कामट्या ठेवल्या, चिंधी गुंडाळायला लागली. तिच्या कपाळावर घाम होता. सुकरोबाई बाजेवरून पाहत होती. मध्येच तिचे ते मोठे हात वर उठले, बोटं वळली, जणू चिंधी तिच्याच हातात होती. मग तिनं ते खाली घेतले आणि मांडीखाली दाबून बसली. मला तिकडे पाहवेना.

थोड्या वेळानं तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. कानाशी लागून म्हणाली, "पट्टी ढिली राह्यली. सांगा तिले."

"तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं. "तुमची सून आहे."

"मले नाई बोलता येत आता त्यात. तिले तुमी दिलं. तुमीच सांगा."

मला पट्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "सगुना, पट्टी ढिली आहे."

सगुनानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं नाही. "हो बाई," म्हणाली, आणि चिंधी सोडून पुन्हा घट्ट बांधायला लागली.